रुमालाखालचा भाव

परवा नातसून म्हणाली, "आजी, तुमचे कॉलेजचे किस्से लिहून का नाही ठेवत?" अगं, ठेवीन की! पण लिहायला बसलं की सगळे एकमेकांच्या पायात पाय घालत येतात. एकाला बोलावलं तर दुसरा आधी तोंड उघडतो. त्यात आमचा विषयच असा होता की वर्गात थोडा शिकलो आणि वर्गाबाहेर फार. विषय काय, तर इंटरनॅशनल ट्रेड! आणि गाव सांगली. दिवस दुसऱ्या लढाईचे.

मी वाईची. बी.ए.साठी सांगलीला मामांकडे राहत होते. विषयाचं नाव वडिलांना पत्रानं कळवलं, तर उलट टपाली उत्तर आलं, "तू अजून धड पाचगणी पाहिली नाहीस, आणि इंग्लंडचा व्यापार कसला शिकतेस?" पण फी पाठवली हो त्यांनी. मी तर आनंदानं नाचायचीच बाकी होते.

वर्गात आम्ही सातजण. पाच मुलगे आणि दोन मुली, मी आणि इंदू. इंदूचे वडील सांगलीच्या पेठेत हळदीचे अडते. म्हणजे शेतकऱ्याची हळद आपल्या दुकानावर लावून व्यापाऱ्यांना विकून द्यायची, हा धंदा. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. अण्णांनी इंदूला कॉलेजात घातलं, पण एका अटीवर. "स्थळ जमंपतोर शीक. जमलं की दप्तर माळ्यावर!"

झालं! तेव्हापासून घरी कुणी पाहुणे आले की इंदू बोटांवर परीक्षेचे महिने मोजायला लागायची. मला म्हणायची, "क्लास कुठला का मिळेना गं. पण तो शेवटचा पेपर मला लिहायचाय. लिहायचायच!" दोन वर्षं आम्हाला एकच घोर होता, इंदूची परीक्षा आधी येते की इंदूचं स्थळ.

*

आमचे पोंक्षे सर. अंगात बंद गळ्याचा कोट, खिशात खडू, आणि डोक्यात जगातली सगळी बंदरं. तासाची सुरुवात ठरलेली, "जंटलमेन!" आम्ही दोघी पहिल्या बाकावर, अगदी त्यांच्या नाकासमोर. तरी "जंटलमेन!"

एकदा गावात मोठं कुस्त्यांचं मैदान होतं. पाचही मुलगे तिकडे पसार. वर्गात फक्त मी आणि इंदू. सर आले, खडू काढला, आमच्याकडे पाहिलं. "जंटलमेन, आज आपण हुंडणावळ पाहू." आणि परदेशी चलनाचा भाव कसा ठरतो ते तासभर शिकवलं की! आम्ही हसू दाबून दाबून लाल झालो.

तास संपला. सर दारापर्यंत गेले, मागे वळले आणि खूश होऊन म्हणाले, "आज जंटलमेन फारच शांत होते!"

*

मुलग्यांमध्ये खरा वल्ली म्हणजे गणपत. आष्ट्याचा. घरी उसाची शेती, थोरला भाऊ पलटणीत. मुलींशी बोलायचं म्हणजे त्याच्या कपाळाला घाम फुटायचा. आम्हा दोघींना तो 'बाई' म्हणायचा, आणि तेही भिंतीकडे बघून! पण सरांना प्रश्न विचारायला मात्र कधी घाबरला नाही.

सर पुस्तकातलं ते प्रसिद्ध उदाहरण शिकवत होते. इंग्लंडनं कापड करावं, पोर्तुगालनं दारू करावी, आणि दोघांनी अदलाबदल करावी, म्हणजे दोघांचाही फायदा. तीनदा समजावलं. वर्ग ढिम्म.

गणपत उठला. "सर, ह्यो पोर्तुगाल म्हंजी गोव्यावर राज्य करतोय त्योच न्हवं?"

"तोच, तोच! शाब्बास!"

"हात्तिच्या! मग दारूचं समजलं, सर. कापडाचं तेवढं परत सांगा!"

*

आता लढाईमुळे धान्याची काय तंगी होती ते तुम्हाला सांगून पटायचं नाही. त्यात सांगली संस्थान, आणि आष्टा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. मध्ये नाका. परवान्याशिवाय धान्य इकडचं तिकडे न्यायचं नाही. म्हणजे आम्ही पुस्तकात इंग्लंड-पोर्तुगाल करत होतो, आणि खरी सरहद्द गणपतच्या घराच्या वाटेवर!

होस्टेलवर पोरं अर्धपोटी, गणपतही त्यांतलाच. गणपतच्या आईनं जोंधळ्याचं गाठोडं बांधून दिलं. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार खोकत खोकत नाक्यावर आली, आणि शिपायानं गाठोडं उतरवून घेतलं. गणपत हात हलवत परत.

पुढच्या आठवड्यात गणपत मोटारीतून उतरला तो डोक्यावर ही मोठी चळत घेऊन. भाकरीच भाकरी! सगळा वर्ग तोंडाकडे बघतोय.

"हुकूम धान्याचा हाय," गणपत म्हणाला. "भाकरीचं कुटं लिवलंय?"

सरांच्या कानावर गेलं. त्यांचा आनंद काय विचारता! भर वर्गात खडू उडवून म्हणाले, "जंटलमेन, कच्च्या मालावर बंदी आली तर पक्का माल निर्यात करा! जे मी महिनाभर शिकवतोय ते या मुलाच्या आईनं चुलीपुढे बसून केलं!"

पण शिपाई काय कमी होता? तिसऱ्या खेपेला त्यानं चळत थांबवली. "माल पक्का हाय का कच्चा, तपासाय लागंल." आणि ठेच्याबरोबर दोन भाकरी तपासल्या! मग दर खेपेला तपासणी.

सहामाहीत प्रश्न आला, आयात कर म्हणजे काय, सोदाहरण सांगा. गणपतनं लिहिलं, "नाक्यावर खाल्लेल्या दोन भाकरी." सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

*

एकदा सर म्हणाले, "बाजार म्हणजे काय? जिथे भाव सगळ्यांना ठाऊक असतो, तो बाजार. चला, प्रत्यक्ष दाखवतो." आणि आमची वरात निघाली हळद पेठेत, इंदूच्याच दुकानी.

दुकानापुढे हळदीचे ढीग. सगळ्यांच्या टाचा पिवळ्या. अण्णा उभे, समोर व्यापारी उभा, दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकलेला. रुमालाखाली काहीतरी हलतंय. तोंडानं अवाक्षर नाही. व्यापारी बाजूला झाला की दुसरा पुढे.

सर इकडे बघतात, तिकडे बघतात. शेवटी न राहवून म्हणाले, "अहो, पण भाव कुठाय?"

"रुमालाखाली!" अण्णा म्हणाले.

"पण तो सगळ्यांना कळायला हवा!"

"आवं मास्तर, समद्यांना कळला तर त्यो भाव कसला?"

सर आमच्याकडे बघेचनात. मग इंदूनं आम्हाला हळूच समजावलं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. शेकड्यात बोलायचं की दहात, ते दोघांना आधीच ठाऊक असतं. इंदू अंक शिकली तेच मुळी अण्णांच्या मांडीवर बसून, त्यांची बोटं धरून!

सरांना हुरूप आला. म्हणाले, "मी एकदा हात घालून बघतो." घातला. व्यापाऱ्यानं अदबीनं एक बोट धरलं. आणि आमच्या सरांनी सवयीनं काय करावं? साहेबाशी करतात तसं कडकडून शेकहँड!

व्यापारी उडालाच. "पाच? ह्या ढिगाला पाच?"

अण्णांनी पोट धरून हसत सरांचा हात सोडवला. "मास्तर, तुमी पुस्तकच शिकवा. हितं उभं ऱ्हायला तर बाजार चढंल!"

निघताना मी सहज विचारलं, "अण्णा, इंदूला एवढं येतंय, ती का नाही सौदा करत?" अण्णांचं हसू गेलं. म्हणाले, "बाईमाणसाचा हात रुमालाखाली जात न्हाई, पोरी." इंदू सांडलेली हळद परत ढिगात लोटत राहिली. मला मात्र असा राग आला, असा राग आला! घरी येईपर्यंत मी तिच्याशीच भांडत होते, बिचारीचा काही दोष नसताना.

*

मग आमच्या डोक्यात आलं की परदेशातला हळदीचा खरा भाव काढायचा. पुस्तकातला नको, ताजा! गणपतचा भाऊ तेव्हा पलटणीबरोबर इजिप्तकडे. सगळ्या वर्गानं मिळून त्याला पत्र लिहिलं, "तिकडच्या बाजारात हळद काय भाव आहे ते कळवावे."

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पत्र मिलिटरीच्या सेन्सॉरच्या हाताखालून आलेलं. वर "सर्वांस नमस्कार", खाली "आईस सांभाळा", आणि मधल्या सगळ्या ओळींवर काळी शाई फासलेली! इंदूनं ते पत्र उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. काही दिसेना.

शेवटी अण्णांना दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून ती काळी शाई बराच वेळ न्याहाळली. मग एकदम खुशीत येऊन दुकानातल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "बघा रं! सरकारसुदिक भाव रुमालाखालीच ठेवतंय!"

*

इकडे स्थळं येतच होती. मेढ्याकडचं एक आलं. मुलाच्या आत्यानं विचारलं, "विणकाम येतं का?"

इंदू म्हणाली, "येतं. पण तुमच्या गावात माझ्यापेक्षा चांगलं विणणारं कुणी असेल, तर मी का विणू? ते त्यांच्याकडून घ्यावं आणि मला जे जास्त चांगलं येतं ते मी करावं. दोघांचाही फायदा."

आत्याबाई म्हणाल्या, "आणि स्वयंपाक?"

"त्याचंही तेच!"

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. अण्णा तडक कॉलेजात आले. व्हरांड्यात सरांना गाठून म्हणाले, "मास्तर, आमच्या पोरीला पोर्तुगालचं कायबी शिकवायचं न्हाई! मी सांगून ठेवतो!"

सर घाबरून म्हणाले, "नाही नाही. तो भाग संपला."

*

आणि मग आलं लोणंदचं स्थळ. संक्रांत नुकतीच झालेली. मुलाचे वडील तात्या, लोणंदच्या बाजारातले जुने व्यापारी. मोठ्या मिशा, खांद्यावर जरीकाठी उपरणं. मुलगा शांत, डोळे हसरे. इंदूला आवडला. मला तिच्या तोंडावरूनच कळलं. आणि म्हणूनच घोटाळा! नकार द्यायला जागाच राहिली नाही.

बैठकीत वीस-पंचवीस माणसं. मी इंदूच्या आईबरोबर आतल्या दारात. देण्याघेण्याचं बोलणं निघालं. एवढ्या लोकांत तोंडानं कोण बोलणार? तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं, अण्णांनी खाली हात घातला. दोघेही मुरलेले. दोन मिनिटांत सौदा मिटला, कुणाला काही कळलं नाही.

"मग मुहूर्त माघातला," तात्या म्हणाले.

माघ! आणि परीक्षा चैत्रात, हे अण्णांनी त्यांना मघाशीच सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन वर्षं घोकलेली ती सगळी बंदरं, त्या सगळ्या वह्या, आता माळ्यावर! इंदूच्या आई हळूच म्हणाल्या, "असू दे गं, स्थळ चांगलं आहे."

इंदू चहाचं तबक घेऊन आली होती. तिनं तबक खाली ठेवलं. जाजमावर तात्यांच्या समोर बसली. आणि उपरण्याखाली हात घातला.

बैठक गार! अण्णा अर्धे उठले, तोंड उघडं. तात्यांचं मात्र सगळं आयुष्य बाजारात गेलेलं, उपरण्याखाली हात आला की तो धरायचा एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी धरला. उपरणं हललं. तात्यांनी मान हलवली, नाही. परत हललं. परत नाही. इंदू हात काढेना. तिसऱ्यांदा उपरणं हललं, ते बराच वेळ हलत राहिलं. तात्यांची एक भुवई वर गेली. त्यांनी इंदूकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच. आणि असे गडगडून हसले की आतलं मांजर पळालं!

"अण्णा, लगीन वैशाखात. पेपर दिऊ द्या पोरीला."

"आवं तात्या, पन तिनं बोली काय केली?"

तात्यांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि म्हणाले, "साखर बेतशीर हाय."

चैत्रात शेवटचा पेपर झाला. पाच प्रश्न लिहायचे होते. मी बाहेर आले तर फाटकाशी कोण? तात्या! लोणंदहून सकाळच्या गाडीनं आलेले. शेजारी पोंक्षे सर, पलीकडे गणपत नखं खात. घंटा झाली तरी इंदूचा पत्ता नाही. सर सारखे घड्याळ बघतात. सगळ्यांत शेवटी आली ती, बोटं शाईनं निळी, डोळे रडल्यासारखे.

कुणी तोंड उघडायच्या आत तात्यांनी हातावर उपरणं टाकलं आणि हात पुढे केला. इंदूनं खाली हात घातला. आम्ही माना पुढे काढून बघतोय.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "अरं, पेढं आना रं कुनीतरी!"

गणपतला धीर कुठला? "आवं तात्या, किती लिवलं म्हनली?"

तात्यांनी उपरणं झटकलं, नीट घडी केली आणि खांद्यावर टाकलं.

"रुमालाखालचं इचारू नगं, गड्या."