सांगलीचा डबा बिघडला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धाकट्या बहिणीला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नव्हता म्हणून असेल. ओळखत असतात, तर माझं तोंडच उघडलं नसतं.

तसा मी तोंडाळ माणूस. आणि भांडखोर. इथे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नच्या आमच्या मराठी मंडळींत कुणालाही विचारा. कुणाच्या क्रेडिट कार्डावर काही भलतंच लागलं, फ्री ट्रायलच्या नावाखाली कुणी पैसे उकळले, की मला फोन येतो — यार, तू बोल ना जरा त्यांच्याशी. मी बोलतो. मॅनेजरला बोलवा म्हणतो, बँकेत डिस्प्यूट घालतो, आणि जिंकतो. पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बटाटेवडे खाता खाता मग माझ्या लढायांच्या कथा रंगतात. एक लढाई मात्र मी कधी सांगत नाही. तीही मी जिंकलोच होतो — पण थांबा. आधी डब्याचं सांगायला हवं.

साधारण दोन हजार पाचच्या सुमारास आमच्याकडे इंटरनेट फोनची टूम निघाली. कंपनी एक छोटा डबा द्यायची. तो इंटरनेटला जोडायचा, त्याला साधा फोन लावायचा, बस. गंमत अशी की तो डबा जगात कुठेही न्या, नंबर व्हर्जिनियाचाच राहायचा. मग काय! जो तो भारतात जाताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये एक डबा घालून नेऊ लागला. आई-बाबा सांगलीत, नागपुरात, कोथरुडात — आणि त्यांचा फोन आमच्या गल्लीतला. बिल आमच्या कार्डावर. मीही नेला. बाबांनी तो जपून टीव्हीशेजारी ठेवला आणि आईनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला.

नंबर अमेरिकेचा, त्यामुळे इथले सेल्सवालेही सांगलीला पहाटे फोन करायचे. बाबा त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि वर थँक्यू म्हणायचे. एकदा एका बाईनं कार्पेट धुवून देऊ का विचारलं, तेव्हा आईनं मागून विचारलं म्हणे, "जेवलीय का ती, विचारा तरी." हसून हसून पुरेवाट झाली होती आमची.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. वस्तू जपण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. तेव्हा सांगलीत लोडशेडिंग जोरात होतं. लाइट परत येताना व्होल्टेज उसळतं आणि डबा जळेल, अशी त्यांना धास्ती. म्हणून लाइट गेली की ते आधी उठून डब्याचा स्विच बंद करायचे. लाइट आली की थोडं थांबून चालू करायचे आणि खुर्ची ओढून समोर बसायचे. लाइन मिळाल्याचा हिरवा दिवा लागला की मला फोन. रोज. त्यांची दिवेलागण म्हणजे माझी ऑफिसची सकाळ, नेमकी मीटिंगची वेळ. "लागला रे हिरवा दिवा! जेवलास का?" सकाळी नऊ वाजता कोण जेवतं हो? पण रोज तेच. मग आई घ्यायची. तीही तेच विचारायची.

खरं सांगतो, मला कंटाळा यायला लागला होता. कंटाळा काय, वैताग. स्क्रीनवर तो नंबर दिसला की मी फोन उलटा करून ठेवायचो. डबा आणला कुणी? मीच. लावून दिला कुणी? मीच. तरी वैताग.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बिचारा, कंपनीच चोर होती. होतीच हो! मी न मागता त्यांनी माझ्या नावावर दुसरी लाइन टाकली आणि तिचे पैसे दर महिन्याला कार्डातून काढायला लागले. फोन केला की म्हणायचे, बंद केली सर. पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. वर मलाच विचारायचे, लाइन तुम्ही मागितली नव्हती याला पुरावा काय? चोराच्या उलट्या बोंबा! माझं डोकं फिरलं. रक्कम किरकोळ होती, पण मी घरात येरझाऱ्या घालत मेधाला — माझ्या बायकोला — सांगत होतो, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे.

तत्त्व. हा शब्द आता मला उच्चारवत नाही.

मी बँकेला फोन लावला. पलीकडची बाई फार नीट बोलली. म्हणाली, दोन प्रकार आहेत. फक्त दुसऱ्या लाइनवर हरकत घ्यायची असेल तर कागद पाठवा, आम्ही कंपनीला विचारू, वेळ लागेल. किंवा, ही कंपनीच तुमच्या ओळखीची नसेल तर तसं सांगा. मग सगळेच पैसे परत येतील, कार्ड बदलेल. कंपनी मात्र तुमच्या नावावरची असेल नसेल ती सगळी सेवा बंद करेल. मग तिनं विचारलं, घरातलं कुणी ही सेवा वापरतं का?

मी म्हणालो, नाही.

मी ही कंपनी ओळखत नाही आणि घरातलं कुणी ती सेवा वापरत नाही. अगदी ठणकावून. आणि ते म्हणताना, बघा, मला सांगलीचा टीव्हीशेजारचा तो रुमाल डोळ्यांसमोर दिसत होता. विसरलो नव्हतो मी. बाबांचीही लाइन जाणार हे कळूनच बोललो. कंपनीला धडा मिळेल — आणि सकाळचा तो फोनही थांबेल. सुंठीवाचून खोकला गेला. असंच वाटलं मला, दुसरं काही नाही.

झालं एवढंच, म्हणून थांबू का? नाही. ताकाला जाऊन भांडं लपवतोय मी. खरं पाप पुढेच आहे.

त्या रविवारी मी कॉलिंग कार्डानं सांगलीला फोन केला, घरच्या जुन्या लँडलाइनवर. बाबांचा आवाज पडलेला. डब्याचा हिरवा दिवा लागत नाही म्हणाले. परवा दुपारी त्यांचा डोळा लागला होता, तेवढ्यात लाइट जाऊन आली आणि स्विच चालूच राहिला. "माझ्याच हातून जळला रे तो." लहान मुलानं कपबशी फोडल्यासारखं सांगत होते. इतकी महागाची वस्तू तू एवढ्या लांबून आणलीस आणि मी ती घालवली, म्हणाले.

काय कठीण होतं हो? बाबा, तुम्ही काही केलं नाही, लाइन मी बंद केलीय, दुसरी घेतो. तोंडाळ ना मी? मॅनेजरला बोलवा म्हणणारा? मी म्हणालो, "असेल. जाऊ दे बाबा, दिवाळीत कुणी आलं की दुसरा पाठवतो."

असेल! एवढाच शब्द. मेधाला सांगितलं, कंपनीचा काहीतरी घोळ आहे. आणि त्या आठवड्यात सकाळच्या मीटिंगा कशा निवांत पार पडल्या, म्हणून सांगू!

दिवाळी लांब होती.

मग आई गेली. एका संध्याकाळी तिला अस्वस्थ वाटायला लागलं. डॉक्टर येऊन गेले, पित्त असेल म्हणाले, गोळी दिली, पडून राहा म्हणाले. कुणालाच काही वाटलं नाही. तिला माझी आठवण आली. बाबांना म्हणाली, "लावा ना त्याला जरा. आवाज ऐकू दे." लँडलाइनवरून परदेशी फोन लागायचा नाही. डबा आल्यावर ती सोय बाबांनीच काढून टाकली होती — आता कशाला लागते, म्हणून, अभिमानानं. शेजारच्या काकांकडे मोबाइल होता, पण ते बाहेर गेलेले. ते येईपर्यंत बाबा बाहेरच्या खोलीत डब्यापुढे बसले. स्विच बंद, स्विच चालू. वायर काढ, पुसून परत लाव. आतून आईनं विचारलं, लागला का? बाबा म्हणाले, लागतोय, लागतोय. पुन्हा एकदा विचारलं. मग विचारलं नाही. बाबांना वाटलं, झोप लागली.

मला फोन आला तो शेजारच्या काकांच्या मोबाइलवरून. मी मीटिंगमध्ये होतो. अनोळखी नंबर म्हणून उचलला.

दिवसकार्य होईपर्यंत मी सांगलीत होतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तेच सांगायचे — माझ्या हातून डबा जळला नसता तर मायलेकरांचं बोलणं झालं असतं. एकदा हळूच म्हणाले, मी तिच्या उशाशी बसायला हवं होतं रे, मी त्या डब्यापाशी बसलो. मी शेजारीच होतो. डोकं भादरलेलं, मान खाली. लोकांना वाटत होतं, दुःखानं बोलत नाहीये. एक मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो हात झटकून ओरडावंसं वाटलं मला. ओरडलो का? नाही.

इथे परत आलो तेव्हा बँकेचा निकाल आला होता. माझ्या बाजूनं. सगळे पैसे परत.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात बाबांना इकडे आणलं. तोवर ते फार वाळले होते. अ‍ॅशबर्नमध्ये लाइट कधी जाते का हो? सगळ्या जगाचं इंटरनेट चालवणारे कॉम्प्युटर इथल्या डेटा सेंटरांत गुरगुरत असतात. पण आभाळ जरा भरून आलं की बाबा उठायचे आणि घरातला एकेक प्लग काढत फिरायचे. मोडेम, मायक्रोवेव्ह, टीव्ही. माझी मुलगी वैतागायची. "आजोबा, स्टॉप! इट्स फाइन!" ते तिला समजवायचे, "नको गं बाळ, माझ्या हातून एकदा झालंय." मेधा मला खुणेनं म्हणायची, करू दे त्यांना. मी त्यांच्या मागून जाऊन सगळे प्लग परत लावायचो. ते पाहायचे नाहीत, असं मला वाटायचं. तेवढं जमायचं मला — प्लग लावणं.

ते सांगलीला परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दुपारी घरामागच्या लाकडी डेकवर बसलो होतो. मेधानं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. दुसरं कुणी नव्हतं. सांगायचं असतं तर याहून चांगली वेळ नव्हती. मी घसा खाकरलाही. पण आधी बाबाच बोलले. कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक विचारू? त्या डब्याचं... तुझ्या मनात राग नाही ना रे माझ्याबद्दल?"

त्या हिवाळ्यात ते सांगलीत गेले, झोपेत. बहिणीला घर आवरताना डबा त्यांच्या कपाटात सापडला. आईच्या क्रोशाच्या रुमालात बांधलेला. ती म्हणाली, अरे, कुतूहल म्हणून लावून बघितला, पॉवरचा दिवा लागतोय की, जळलेला वगैरे काही नाही. मी म्हटलं, असेल.

डेकवर मी त्यांना काय उत्तर दिलं, ते राहिलंच. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, नाही बाबा, मी केव्हाच माफ केलंय तुम्हाला. त्यांना रडू आलं. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून त्यांनी चहा संपवला, आणि किती दिवसांनी बरं वाटतंय, म्हणाले.