वर्ना यंदा ओरडली नाही

हार्लन बेंडमध्ये ऑगस्टच्या अखेरीस पहिल्या सामन्याचा शुक्रवार आला की दुपारीच दुकानं बंद होतात. शाळेमागच्या मैदानाबाहेर गाड्या लागतात, शेगड्या पेटतात, भाजत्या मांसाचा धूर गावभर पसरतो. या गर्दीत सगळ्यात मोठा आवाज असायचा वर्ना स्टॅनेकचा. तिचे तिन्ही मुलगे शाळेच्या फुटबॉल संघातले; आमचा अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला अंगावर धावून पाडायचा खेळ. "पाड त्याला! आडवा कर!" अशी ती गरजली की पाहुण्या गावचे लोक माना वळवून बघत.

गेल्या मोसमात तिचा धाकटा डॅरेलच आडवा झाला. मानेचं हाड मोडलं. वाचला, चालायलाही लागला, पण खेळ संपला.

यंदा त्या शुक्रवारी मी शेजारून डोकावले, तर वर्ना धुतलेली भांडी पुन्हा धूत होती.

"येतेयस ना गं?"

"मला नाही बघवणार, ओपल."

"आई, मान माझी मोडली होती, तुझी नाही," डॅरेल आतून म्हणाला. "चल ना, पोरं वाट बघतायत माझी."

"जीभ तेवढी शाबूत राहिली मेल्याची!" म्हणत तिने हात पुसले आणि गाडीची किल्ली घेतली.

मैदानावर डॅरेल मित्रांत जाऊन बसला. वर्नाला काही बसवेना. कुंपणाला धरून ती येरझारा घालत होती. खाटीक ब्युफर्डने हटकलंच, "काय वर्ना, घसा घरी विसरलीस काय?" तिने ऐकलंच नाही.

खेळ नुकताच सुरू झाला होता. आमच्या पोरांनी पाहुण्यांच्या एकाला उचलून आपटलं. आमची बाजू आनंदाने उसळली. पोरगा उठेना. हळूहळू सगळं मैदान गप्प झालं.

वर्ना मैदानाला वळसा घालून तरातरा पलीकडे निघाली. मी धापा टाकत मागे. पिवळा सदरा घातलेली एक बाई कुंपण ओलांडायला बघत होती. वर्नाने तिचा दंड धरला.

"तुझा का?"

"कोडी. माझा कोडी."

"डॉक्टर पोचलेत. त्यांना बघू दे. धावून त्याला हलवू नकोस, बाई. माझाही असाच पडला होता."

"मग?"

"तो बघ, समोर बसून मका खातोय."

ती बाई वर्नाच्या खांद्यावर कोसळली. थोड्या वेळाने कोडीने पाय हलवला, मग दोघांच्या आधाराने उभा राहिला. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या.

"तू आमच्या गावची नाहीस ना?" डोळे पुसत तिने विचारलं.

"नाही. गेल्या वर्षीपर्यंत तुझ्या पोराला पाडा म्हणून मीच ओरडले असते."

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग मागच्या बाकावर बसली आणि सरकून तिला जागा केली. वर्ना टेकली आणि लगेच उठली.

आम्ही तो सामना हरलो. तेव्हापासून वर्ना एकही सामना चुकवत नाही, पण बसून एकही बघत नाही. कुणाचंही पोर पडलं की तिचे डोळे आधी त्याच्या आईला शोधतात.