फावड्यावरचं वांगं

माणसं नापास करण्यात आमच्या ड्रायव्हरकाकांचा हात धरणारं अख्ख्या नागपुरात कोणी नसेल. आमच्या संग्रहालयातलं वाफेचं छोटं इंजिन दर रविवारी मुलांना घेऊन बागेभोवती फिरतं. ते काका चालवतात, त्याची कागदपत्रं मी सांभाळते. नियमानुसार बॉयलरपाशी परवाना असलेला माणूस लागतो, आणि तसा आमच्याकडे एकच, सत्तरी ओलांडलेले काका. हाताखाली कोणी तयार व्हावं म्हणून मी जाहिराती देई. उमेदवार आला की काका फावड्यावर वांगं ठेवून ते इंजिनाच्या भट्टीत भाजायला लावत. "ज्याले आगीचा अंदाज नाही, तो बॉयलर काय सांभाळीन?" बेसा भागातल्या इंजिनिअरचं वांगं करपलं, कोराडीहून आलेल्या गृहस्थांचं कच्चं राहिलं. दोन्ही वांगी नालीत गेली, उमेदवार घरी.

इंजिनाशी मात्र ते लाडात बोलत, "काहून रुसून राहिली वं?" आणि दर दहा मिनिटांनी मला हाक, "ताई, काचेत पाणी किती?" बॉयलरमधलं पाणी दाखवणारी ती काचेची नळी त्यांच्या नाकासमोर असे. मी फाईल ठेवून उठे, "अर्ध्याच्या वर" म्हणे. म्हाताऱ्याची लहर, दुसरं काय.

यंदा बॉयलरच्या सरकारी तपासनीसांनी काकांचं वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं. ते नसेल तर इंजिन बंद. डॉक्टरकडे जायचं टाळायला काकांनी एकदा भाचीचं लग्न पुढे केलं, एकदा पोटदुखी. तिसऱ्या वेळी माझी ट्यूब पेटली.

"काका, तुम्हाला काच दिसत नाही."

"इंजिन दिसते ना."

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही गाडी बंद केली असती."

"केलीच असती. मुलं बसतात तिच्यात." मी ऑटो बोलावला.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रिया झाली, इंजिन दोन महिने थंड राहिलं, आणि एकदाचं प्रमाणपत्र आलं. त्या दिवशी मी ऑफिसच्या वेळेत चहा मागवला आणि तो गरम असतानाच प्यायले. कित्येक आठवड्यांत हे जमलं नव्हतं.

पहिल्या रविवारी काकांनी काच स्वतःच पाहिली. मला हाक आली नाही. मी तरी दोनदा फाईल ठेवून उठले.

दुपारी त्यांनी फावड्यावर वांगं ठेवलं आणि दांडा माझ्या हातात दिला.

"मला ऑफिसची कामं आहेत, काका."

"असू द्या. माझ्यामागं काच कोण पाहीन? भाजा."

वांगं एका अंगानं करपलं, दुसऱ्या अंगानं कच्चं राहिलं. मी नालीकडे निघाले, तर काकांनी ते माझ्याकडून घेतलं, सोललं, मीठ लावलं आणि सगळं खाल्लं.