माणूस कसा होता?

आज शनिवार, दुपारचे सव्वाबारा. कोपरखैरण्यात एका अनोळखी घरी मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो.

विम्याच्या क्लेमची चौकशी करायची नोकरी मला नुकतीच लागली आहे. एकट्याने केलेली ही माझी पहिलीच केस. कांदा-बटाटा मार्केटमधला एक माथाडी कामगार हार्ट अटॅकने गेला. पॉलिसी गेल्याच वर्षीची, आणि फॉर्मवर 'कोणताही आजार नाही' असं लिहिलेलं.

आमच्या सरांनी शिकवलं होतं, "आजाराचं विचारायचं नाही. माणूस कसा होता, एवढंच विचारायचं."

मी तेवढंच विचारलं. त्या कामगाराची आई भरभरून बोलू लागली.

"लई कष्टाळू रं बाळा! चार वर्सं नाक्यावरच्या डॉक्टरच्या शुगरच्या गोळ्या खात हुता, पर कामाला खाडा न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको म्हणाली, "आई, पुरे आता."

"का गं? माझ्या लेकाचं चांगलंच सांगतीया की!"

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी हे कशासाठी विचारतोय, ते तिला कळलं होतं. मी चहा संपवला, नाक्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथे जुनी नोंद मिळाली, ती रिपोर्टला जोडली. मघाशी सरांचा मेसेज आला, "शाब्बास. पहिल्याच केसला जमलं."

आता क्लेम नाकारल्याचं पत्र त्या घरी जाईल. सासूच्याच बोलण्यामुळे तो नाकारला गेला, हे सुनेला ठाऊक आहे, सासूला नाही.

तुम्ही त्या सुनेच्या जागी असता, तर सासूला सांगितलं असतं का?