दारातली वाळकी फुलं

शेजारचे काका ऑक्टोबरमध्ये गेले. 'काका' मी मनातल्या मनात म्हणायची. इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्ये, ऐंशीच्या माणसालाही नावानेच हाक मारायची असते. पस्तीस वर्षांत मला ते जमलं, पण पचलं नाही.

दर डिसेंबरला काका-काकू दोघं मिळून त्यांच्या दाराशी दोन मोठ्या कुंड्या सजवायची. या दिवसांत कुंडीत फुलत काहीच नाही, म्हणून फरच्या फांद्या, काटेरी पानांची हॉली, आयव्हीचे वेल, लालभडक काड्या, असं काय काय मातीत खोचायचं. यंदा काकूंचा हात प्लास्टरमध्ये. "तू करशील का?" त्यांनी विचारलं. हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यापासून मला कुणी काम सांगत नाही, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

सामान त्यांनी दाराशी काढून ठेवलं होतं. बादलीत हिरव्या फांद्या, आणि शेजारी खोक्यात हायड्रेंजियाच्या फुलांचे वाळलेले गेंद, तपकिरी, कागदासारखे. अगं बाई! नुकतं माणूस गेलेल्या घराच्या दारात वाळकी फुलं? आमच्याकडे कालचा हारसुद्धा देवावर ठेवत नाहीत, निर्माल्य म्हणून काढतात. म्हटलं, बिचारीचं लक्ष नसेल. रस्त्याकडेला गार्डन वेस्टचं बिन ठेवलेलं होतं, त्यात मी खोकं गुपचूप रिकामं केलं आणि कुंडीत लाल फळांची हॉली खोचली. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

काकू बाहेर आल्या. "सुंदर!" म्हणाल्या. मग त्यांनी खोक्यात पाहिलं. "त्याची हायड्रेंजिया कुठेयत?"

'त्याची' म्हणजे काकांची. काकूंनी सांगितलं, सप्टेंबरमध्ये काकांनी ती स्वतः कापली होती, याच कुंड्यांसाठी शेडमध्ये उलटी टांगून वाळवली होती. त्यांच्या हातचं ते शेवटचं बागकाम. आणि मी अतिशहाणी! कौन्सिलची कचऱ्याची गाडी तेवढ्यात कोपऱ्यावर आलेली.

मी धावले. साठीतली बाई, बिनमध्ये कंबरेपर्यंत वाकलेली! गाडीवाला "यू ऑल राइट, लव्ह?" म्हणत थांबला, भला माणूस. चार गेंद धड निघाले. बाकीच्यांचा चुरा झाला होता.

ते चार घेऊन मी परतले. खोटं बोलायला तोंडच नव्हतं. "आमच्याकडे वाळलेली फुलं दारात ठेवत नाहीत," मी म्हटलं, "त्यातून घरातलं माणूस गेलं असेल तर... तुमचं वाईट व्हावं असं नव्हतं हो मनात. चुकलं माझं." आणि मला रडूच फुटलं.

काकूंनी बऱ्या हाताने एक गेंद उचलला. देठावर काकांनी मारलेला तिरका काप अंगठ्याने चाचपत राहिल्या.

"तो गेलाय म्हणूनच तर मला ती दारात हवीयत," त्या म्हणाल्या. "मी बाहेरून येते ना, तेव्हा आता दार उघडायला कुणी नसतं."