उजवा दिवा

परवा पंक्चरच्या दुकानात तापलेल्या रबराचा वास आला आणि मी थेट कोल्हारच्या माझ्या जुन्या गॅरेजात जाऊन उभा राहिलो. एकाहत्तर-बहात्तर साल असेल. साखर कारखान्यातले एक इंजिनिअरसाहेब महिन्यापूर्वी वारले होते. त्यांची परदेशी स्पोर्ट्स कार माझ्याकडे आली होती. विकायच्या आधी तेवढे दिवे नीट करा, असा त्यांच्या पत्नीचा, बाईंचा, निरोप होता.

त्या गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटून बसायचे. इंजिन हवा ओढून त्यांना खाली धरून ठेवायचं, आणि इंजिन बंद केलं तरी ते तसेच मिटलेले राहायचे. रबरी नळी गळायला लागली, की ते आपसूक वर यायचे.

भर दुपारी बाई गाडी बघायला आल्या. दोन्ही दिवे मिटलेले होते. बघता बघता उजवा हळूहळू उघडला, जराही आवाज न करता, आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

बाईंनी पुढे होऊन त्यावर तळहात ठेवला आणि गेलेल्या माणसाचे डोळे मिटावेत तसा तो खाली दाबला. "मी पोचले तोवर दवाखान्यात कुणीतरी त्यांचे डोळे मिटले होते," त्या म्हणाल्या. हात काढला तसा दिवा पुन्हा वर आला.

"हवा गळतीय बाईसाहेब, दुसरं काय न्हाई," मी म्हणालो.

"मग गळू द्या, मिस्त्री."

गाडी त्यांनी विकली नाही.

हा किस्सा मी पुष्कळांना हसत हसत सांगितलाय. एवढंच कुणाला सांगितलं नाही, की ती नळी मी सकाळीच बदलली होती, आणि बाई येईपर्यंत दोन्ही दिवे तसूभरही हलले नव्हते.