बाटली धुऊन भरायला शिकवणाऱ्या गायकवाड मॅडम

सुनंदा गायकवाड मॅडम आकुर्डीच्या आमच्या नर्सिंग शाळेत प्रथम आल्या, तेव्हा मी प्रयोगशाळेत काचेच्या बशा धूत पाचवीच्या पुस्तकातली एक कविता चालीवर म्हणत होतो. दारातच थांबून त्यांनी कडवे संपू दिले. मग म्हणाल्या, "कविराज, चाल गोड आहे. पण हात धुतलेत का?"

अशी आमची ओळख झाली. मी तिथला मदतनीस, त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षिका.

मुलींना तो विषय नकोसा वाटे. "मॅडम, आम्हाला इंजेक्शनं द्यायचीत, जंतूंची नावं कशाला पाठ करायची?" एकीने विचारलेच. मॅडम हसल्या. जंतू वाढवायच्या बशीवर त्यांनी प्रत्येकीला बोट टेकवायला लावले, स्वतःचेही अंगठीसकट टेकवले. दोन दिवसांनी बशांत ठिपके उगवले आणि मुली आपापली बोटे न्याहाळू लागल्या. सर्वांत दाट बाग मॅडमच्या अंगठीखालची! त्यांनी ती सर्वांदेखत काढली; ड्युटीवर पुन्हा कधी घातली नाही.

त्यांचा खरा मोठेपणा मात्र मला माझ्याच चुकीने कळला. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला दत्ता आमच्या शाळेला जोडलेल्या रुग्णालयात, वॉर्डात होता. लातूरकडचा तरणाबांड गडी. जखमेत हिरवट पू झाला. डॉक्टर बोटे काढण्याची भाषा करू लागले. "बोटं राहतील का ओ मॅडम? हातावर पोट हाय माझं," तो विचारी. ठपका आला ड्रेसिंग करणाऱ्या शिकाऊ मुलीवर.

"आधी बघू, मग बोलू," मॅडम म्हणाल्या. मुलीचे हात, चिमटे, कापूस, सगळे तपासले, दोष सापडेना. शेवटी त्यांनी जंतुनाशकाच्या बाटलीतला थेंब बशीत टाकला.

मी हसलो. "मॅडम, चौकीतच चोर शोधताय होय?"

दोन दिवसांनी बशी हिरवी झाली होती. जंतू तोच, दत्ताच्या जखमेतला.

ती बाटली मी भरत असे. तळाचे औषध वाया जाऊ नये म्हणून न धुताच वरून नवे ओतायचे, ही आमची जुनी रीत. पातळ केलेल्या औषधातही काही जंतू तग धरतात, हे माझ्या गावी नव्हते. मॅडम एवढेच म्हणाल्या, "आधी त्या पोरीला सांगून या. जेवली नाहीये ती कालपासून."

या प्रकरणावर बोलावलेल्या बैठकीत मी कबुलीसाठी उठलो, तर मॅडमच आधी बोलल्या, "बाटली धुऊन, वाळवून भरायची, हे मी शिकवायला हवं होतं. राहून गेलं."

रीत बदलली. दत्ताची पाचही बोटे वाचली. परिचारिकेला हा विषय कशाला, असे कोणी विचारले की मला ती हिरवी बशी आठवते. माया सगळ्यांनाच असते हो. पण आपल्या हातून रुग्णापर्यंत काय पोचते आहे, हे जाणून घ्यावे लागते.

मॅडमच्या पंचाहत्तरीला शाल कोणी घालायची, यावर सत्कार समितीत बराच खल झाला. दत्ताने फोनवरच निकाल लावला, "मी घालणार. दोन्ही हातांनी."

मॅडम, आपल्या शंभरीलाही शाल त्याच हातांची असो, आणि तब्येत अशी ठणठणीत असो, की खांदा पुढे करण्याआधी आपण त्याला दटावून विचारावे, "दत्ता, हात धुतलेस का?"